सहा कोटी बिंदू आणि एक चेहरा

आपल्या मराठी भाषेत 'दिसणे' आणि 'पाहणे' अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत, आणि त्यांच्या वेगळेपणात एक मोठा विचार दडलेला आहे. 'मला डोंगर दिसतो' असे म्हणताना व्याकरणाच्या दृष्टीनेही 'मी' कर्ता राहत नाही. डोंगर आपणहून डोळ्यांपुढे उभा राहतो. 'मी डोंगर पाहतो' असे म्हणताच 'मी' पुढे येतो आणि त्या पाहण्याची जबाबदारीही माझ्याकडे येते. भाषा तेवढ्यावर थांबत नाही. निरखणे, न्याहाळणे, टक लावणे, कानाडोळा करणे, डोळेझाक करणे असे कितीतरी शब्द तिने घडविले आहेत, आणि त्यांतील प्रत्येक शब्दात पाहणाऱ्याच्या मनाची परीक्षा आहे. जे दिसते त्याबद्दल कोणी आपल्याला दोष देत नाही, परंतु जे आपण पाहतो, किंवा पाहायचे टाळतो, त्याचा हिशेब एक दिवस द्यावा लागतो.

हा भेद आज नव्याने आठवण्याचे कारण कॅमेरा हे आहे. बाप्तिस्मा असो, प्रथम कम्युनियन असो, लग्न असो की दफनविधी, आपल्या समाजाच्या प्रत्येक प्रसंगी कॅमेरा हजर असतो. तो आता पूर्वीसारखा साधाही राहिलेला नाही. माणसाच्या डोळ्याला जे टिपता येत नाही ते टिपणारे, पापणीचा केस न् केस वेगळा दाखविणारे यंत्र आपल्या शेजारचा तरुण गळ्यात अडकवून वावरतो. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो: यंत्राला दिसणे जसजसे सूक्ष्म होत जाते, तसतसे आपले पाहणे अधिक खरे होत जाते काय? अधिक स्पष्ट म्हणजे अधिक सत्य, असे आपण मानावे काय? हा प्रश्न छायाचित्रकारांपुरता नाही. शेजाऱ्याकडे पाहण्याची आज्ञा ज्यांना मिळाली आहे अशा सर्वांचा तो प्रश्न आहे.

यंत्राची थोरवी

यंत्राचा विचार करायचा तर एखादे यंत्र नीट समजून घेतलेले बरे. सोनी कंपनीने २०१९ साली अल्फा मालिकेतील 'सेव्हन आर फोर' हा कॅमेरा आणला. त्याच्या पोटात जुन्या फिल्मच्या एका चौकटीएवढा, म्हणजे सुमारे ३६ बाय २४ मिलिमीटरचा प्रकाशसंवेदक आहे. त्याने टिपलेल्या चित्रात आडव्या ओळीत ९,५०४ आणि उभ्या ओळीत ६,३३६ बिंदू असतात. या बिंदूंनाच पिक्सेल म्हणतात. गुणाकार केला तर एकाच चित्रात सहा कोटींहून अधिक बिंदू होतात. दर इंचाला ३०० बिंदू या चोख हिशेबाने ते चित्र छापले, तर त्याची रुंदी ३१ इंचांहून अधिक भरेल. एखाद्या लहान खिडकीएवढे चित्र, आणि त्यात डोळा लावून पाहिले तरी कोठे धूसरपणा नाही!

त्याची इतर वैशिष्ट्येही थक्क करणारी आहेत. छायाचित्रकाराचा हात थरथरला तर संवेदक स्वतः सूक्ष्म हालचाल करून तोल सावरतो. एका सेकंदात तो दहा चित्रे घेऊ शकतो. चौकटीत माणूस आला की तो त्याचा चेहरा ओळखतो, चेहऱ्यातील डोळा शोधतो आणि माणूस हलला तरी त्या डोळ्यावरचा फोकस सोडत नाही. डावा डोळा हवा की उजवा, हेही त्याला सांगून ठेवता येते.

ही मजल किती थोड्या काळात गाठली गेली हे पाहिले की माणसाच्या बुद्धीचे कौतुक वाटते. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचे वजन साडेतीन किलोंच्या वर होते. चित्र कृष्णधवल होते आणि त्यात अवघे दहा हजार बिंदू होते. ते एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागत. दहा हजारांपासून सहा कोटींपर्यंतचा प्रवास चव्वेचाळीस वर्षांत झाला. परमेश्वराने माणसाला दिलेल्या बुद्धीचे हे फळ आहे आणि त्याला नाके मुरडण्याचे आम्हांला काहीच कारण दिसत नाही. तथापि, या सहा कोटी बिंदूंपैकी एका बिंदूला नेमके काय ठाऊक असते, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

बिंदूला काय ठाऊक असते?

याचे उत्तर मोठे उद्बोधक आहे. संवेदकावरच्या बिंदूला रंग मुळीच कळत नाही. आपल्यावर किती प्रकाश पडला, एवढेच तो मोजतो. रंग कळावा म्हणून प्रत्येक बिंदूवर एक इवलीशी रंगीत गाळणी बसविलेली असते. निम्म्या बिंदूंवर हिरवी, पाव बिंदूंवर तांबडी आणि पाव बिंदूंवर निळी. कोडॅकमधीलच ब्राइस बेयर या संशोधकाच्या या रचनेला १९७६ साली पेटंट मिळाले आणि आजचे बहुतेक कॅमेरे तिच्याच आधारे चालतात. याचा अर्थ असा की, हिरव्या गाळणीखालच्या बिंदूला त्या जागचा तांबडा आणि निळा प्रकाश किती होता हे ठाऊक नसते. मग यंत्र शेजारच्या बिंदूंना विचारते आणि त्यांच्यावरून अंदाज बांधते. पूर्ण रंगासाठी तीन आकडे हवेत. त्यांतला एक मोजलेला आणि दोन अनुमानाने काढलेले. म्हणजे आपण ज्याला अत्यंत तंतोतंत चित्र म्हणतो, त्यातील रंगांचा दोन तृतीयांश भाग हा कुशल अंदाज असतो.

हे सांगण्यात यंत्राची निंदा नाही. अंदाज उत्तम असतो आणि बहुधा बरोबर ठरतो. परंतु यावरून एक गोष्ट ध्यानात येते. चित्र म्हणजे वास्तवाची फोडून ठेवलेली फाक नव्हे. ते मोजमाप आणि अनुमान यांच्या मिश्रणातून घडविलेले असते. व्यावसायिक छायाचित्रकार कॅमेऱ्यातून जी कच्ची नोंद काढतो तिलाही पुढे रूप द्यावे लागते. सावली किती गडद ठेवायची, त्वचेचा वर्ण किती उजळायचा, चौकटीच्या कडेचे काय कापून टाकायचे हे कोणीतरी ठरवितो. हे ठरविणे यंत्राकडे सोपविता येते, परंतु त्याची नैतिक जबाबदारी यंत्राच्या माथी मारता येत नाही.

संत थॉमस अक्वायनास यांनी तेराव्या शतकात सत्याचा जो विचार मांडला तो येथे उपयोगी पडतो. वस्तू आणि बुद्धी यांचा मेळ म्हणजे सत्य, ही त्यांची भूमिका सर्वश्रुत आहे. परंतु त्यांनी केलेला पुढचा भेद अधिक महत्त्वाचा आहे. इंद्रियाला वस्तू जशी आहे तशी जाणवते, पण ही जाणीव वस्तूशी जुळते की नाही हे इंद्रियाला कळत नाही. ते जाणून 'हे असे आहे' किंवा 'हे असे नाही' असा निर्णय बुद्धी करते, आणि पूर्णार्थाने सत्य त्या निर्णयात वसते. या कसोटीला लावले तर जगातला सर्वोत्तम कॅमेरा हे फार तर एक अत्यंत तीक्ष्ण इंद्रिय ठरते. तो निर्णय करीत नाही, म्हणून तो खरेही बोलत नाही आणि खोटेही बोलत नाही. सत्याचा आणि असत्याचा आरंभ त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसापाशी होतो.

जो थांबला, तो उमटला

छायाचित्रणाच्या आरंभकाळातील एक चित्र या दृष्टीने मनन करण्यासारखे आहे. १८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांनी आपल्या खिडकीतून 'बुल्वार द्यू तांप्ल' या रस्त्याचे चित्र घेतले. रस्ता गजबजलेला होता. माणसे, घोडे, गाड्या यांची ये-जा चालू होती. परंतु पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटे लागत असत, त्यामुळे जे जे हलत होते ते ते सारे चित्रातून नाहीसे झाले. रस्ता निर्मनुष्य दिसतो. फक्त डाव्या बाजूला खाली एक माणूस उभा आहे. तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबला होता, म्हणून उमटला. छायाचित्रात आलेला जगातला पहिला माणूस बहुधा हाच, असे मानले जाते.

या माणसाच्या पायाशी बसून जो दुसरा माणूस बूट पुसत होता, तो मात्र धूसर आकारासारखा राहिला. त्याचे हात चालू होते, आणि हात थांबविणे त्याला परवडणारे नव्हते. ज्याला सवड होती तो स्पष्ट आला आणि ज्याला काम होते तो पुसट झाला. यंत्राने पक्षपात केला असे कोण म्हणेल? यंत्र आपल्या नियमाने वागले. परंतु कष्टकरी माणूस समाजाच्या नजरेतून कसा निसटतो, याचे इतके नेमके चित्र दुसरे क्वचितच सापडेल. आपल्या स्वयंपाकघरात, शेतात, देवळाच्या अंगणात ज्यांचे हात सतत चालू असतात, त्यांची छायाचित्रे आपल्या आल्बमांत किती असतात, हे एकदा उघडून पाहावे.

एकशे ऐंशी वर्षांनंतरच्या सहा कोटी बिंदूंच्या कॅमेऱ्यातही हा जुना नियम पुरता संपलेला नाही. वर सांगितलेला रंगांचा अंदाज टाळायचा असेल तर त्या कॅमेऱ्यात एक खास सोय आहे. तो संवेदकाला एका बिंदूएवढे सरकवून पाठोपाठ चार चित्रे घेतो, म्हणजे प्रत्येक जागचे तिन्ही रंग प्रत्यक्ष मोजले जातात. सोळा चित्रे घेतली तर त्यांतून पुढे संगणकावर चोवीस कोटी बिंदूंचे एक चित्र तयार होते. मात्र त्यासाठी कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा लागतो आणि समोरची वस्तूही स्तब्ध असावी लागते. वाऱ्याने पान हलले तरी त्या जागी चित्र बिघडते. म्हणजे अंदाज सोडून खरा रंग हवा असेल, तर यंत्रालाही थांबावे लागते आणि एकाच गोष्टीकडे पुनःपुन्हा पाहावे लागते. घाईघाईने टिपलेल्याला अनुमानावर भागवावे लागते. माणसांविषयीची आपली किती मते अशा एका झटक्यात टिपलेली आणि बाकीचे रंग शेजाऱ्यांना विचारून भरलेली असतात!

जिचे नाव विचारले नाही

स्पष्टपणा आणि ओळख यांत किती अंतर असू शकते, हे सांगणारी एक सत्यकथा अमेरिकेच्या इतिहासात आहे. १९३६ सालचा मार्च महिना. मंदीने देश होरपळला होता. कॅलिफोर्नियातील निपोमो या गावी वाटाणे तोडणाऱ्या मजुरांची वस्ती होती आणि पीक गोठून गेल्यामुळे त्यांना काम उरले नव्हते. सरकारी कामावर असलेल्या छायाचित्रकार डोरोथिआ लँग तेथे थांबल्या आणि त्यांनी तंबूत बसलेल्या एका आईची, मुलांसह, मोजकी चित्रे घेतली. त्यांचा कॅमेरा मोठ्या निगेटिव्हचा, म्हणजे त्या काळचा उच्च दर्जाचाच होता. आईच्या कपाळावरच्या आठ्या, विरलेली बाही, कुशीतल्या बाळाचा मळलेला गाल, सारे त्यात उमटले. 'मायग्रंट मदर' या नावाने ते चित्र जगभर गेले. वर्तमानपत्रांत बातमी येताच सरकारने त्या वस्तीकडे सुमारे नऊ टन अन्न पाठविले. छायाचित्राने भुकेल्यांच्या तोंडी घास घातला, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

परंतु कथेची दुसरी बाजूही आहे. अन्न पोचले तेव्हा ते कुटुंब तेथून निघून गेले होते. लँग यांनीच पुढे लिहून ठेवले आहे की त्यांनी त्या बाईंचे नाव विचारले नव्हते, तिची हकिकतही विचारली नव्हती. वय तेवढे समजले होते, बत्तीस. गाडीचे टायर विकून या कुटुंबाने अन्न आणले, असे लँग यांच्या टिपणात आले, पण कुटुंबीयांनी पुढे ते नाकारले. चित्राच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा आला होता, तोही १९३९ मध्ये पुसून टाकण्यात आला. चेहरा जगप्रसिद्ध झाला आणि ती बाई मात्र अनोळखीच राहिली.

१९७८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी, एका स्थानिक वर्तमानपत्रामुळे तिचे नाव जगाला कळले: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. ती चेरोकी या आदिवासी वंशाची होती, हेही तोवर चित्र पाहणाऱ्यांच्या गावी नव्हते. आपले चित्र घेतले गेलेच नसते तर बरे झाले असते, अशी खंत तिने बोलून दाखविली. तिला त्या चित्रातून पैसा मिळाला नव्हता. १९८३ मध्ये ती आजारी पडली तेव्हा मुलांनी केलेल्या आवाहनाला लोकांनी भरभरून प्रतिसाद दिला, आणि त्याच वर्षी ती देवाघरी गेली.

आम्हांला येथे लँग यांचा न्याय करायचा नाही. त्यांच्या चित्रामागे करुणा होती आणि त्या करुणेने काम केले. तरीही एक गोष्ट मनाला टोचत राहते. निगेटिव्हने बाहीचा धागा न् धागा नोंदविला, परंतु नाव ही धाग्याच्या जातीची गोष्ट नव्हे. ते प्रकाशाने उमटत नाही, ते विचारावे लागते. आजच्या कॅमेऱ्याचेही तसेच आहे. प्रत्येक चित्राबरोबर तो तारीख, वेळ, भिंगाचा प्रकार, शटरचा वेग अशी कितीतरी माहिती न चुकता लिहून ठेवतो. समोरच्या माणसाचे नाव काय, ती कोणाची कोण, तिला हे चित्र चालेल की नाही, हे मात्र तो आपणहून लिहीत नाही.

तोंड पाहून टिळा

या कॅमेऱ्यातील आणखी एक सोय आम्हांला विशेष विचारात पाडते. छायाचित्रकाराला काही चेहरे त्यात आधीच नोंदवून ठेवता येतात आणि त्यांचा क्रमही लावता येतो. मग गर्दीत अनेक चेहरे समोर आले तरी कॅमेरा नोंदविलेल्या चेहऱ्याला अग्रक्रम देतो आणि त्यावरच फोकस धरतो. लग्नात नवरा-नवरी गर्दीत हरवू नयेत, यासाठी ही सोय फार उपयोगाची आहे. तिच्यात वावगे काही नाही.

परंतु अशी यादी आपल्या मनातही असते, आणि तेथे ती इतकी निरुपद्रवी राहत नाही. 'तोंड पाहून टिळा लावणे' ही आपल्याकडची जुनी म्हण हेच सांगते. संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या ख्रिस्ती मंडळींना यावरूनच खडसावले आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आला की त्याला मानाची जागा, आणि मळकट कपड्यांतला आला की त्याला उभे राहा नाहीतर पायाशी बस, असा भेद तुम्ही करता काय, असा त्याचा रोखठोक सवाल आहे. त्या मंडळींना गरीब दिसत नव्हता असे नाही. तो दिसत होता म्हणूनच त्याला कोठे बसवायचे हे त्यांना ठरविता आले! दोष डोळ्यांत नव्हता. कोणाचे तोंड आधी पाहायचे, या मनातल्या यादीत होता.

आपल्या धर्मग्रामातील एखाद्या लग्नाचा आल्बम चाळला तर ही यादी वाचता येते. वधूवर असणारच. त्यांच्या शेजारी परदेशातून आलेले नातलग, मान्यवर पाहुणे आणि हो, आम्ही धर्मगुरूही असतो. परंतु पहाटेपासून मोठ्या टोपाशी उभी असलेली आत्या, मंडप बांधणारे गडी, वाजंत्री, आणि कोपऱ्यातील खुर्चीवर बसलेली, कानांनी मंद झालेली आजी, हे सारे कोठे असतात? असलेच तर कोणाच्या तरी खांद्यामागे, फोकसच्या बाहेर. त्या आजीने नवऱ्यामुलाला अंगाखांद्यावर वाढविलेले असते. छायाचित्रकार तिला ओळखत नाही, त्याला दोष कसा द्यावा? तिला ओळखणाऱ्यांनी त्याला हात धरून तिच्यापर्यंत न्यायला हवे होते.

तिघांनाही तो दिसला

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यातील एक बारकावा सहज निसटतो. वाटेत जखमी पडलेला मनुष्य याजकाला दिसला, लेव्याला दिसला आणि शोमरोन्यालाही दिसला. याजकाची नजर अधू होती असे प्रभू येशू सांगत नाही. तिघांच्याही डोळ्यांत तेच रक्त आणि त्याच जखमा उमटल्या. पहिले दोघे बाजूने निघून गेले, आणि तिसऱ्याला कळवळा आला म्हणून तो जवळ गेला. त्या दोघांतला पहिला याजक होता, ही गोष्ट आम्हां धर्मगुरूंना कधी विसरता येऊ नये. तिथे आणखी एक कोटी बिंदूंची भर घातली असती तर तो याजक थांबला असता काय?

विसाव्या शतकातील फ्रेंच यहुदी तत्त्वज्ञ एमान्युएल लेव्हिनास यांनी माणसाच्या चेहऱ्याला आपल्या नीतिविचाराच्या केंद्रस्थानी ठेवले. त्यांचे एक म्हणणे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. दुसऱ्याला खऱ्या अर्थाने भेटायचे असेल तर त्याच्या डोळ्यांचा रंगदेखील आपल्या लक्षात येऊ नये, हेच उत्तम, असे ते म्हणतात. कारण डोळ्यांचा रंग टिपत असताना समोरचा माणूस वस्तू होतो, आणि चेहरा मात्र आपल्याकडे काही मागत असतो. सिमोन वेल या विदुषीने १९४२ साली लिहिलेल्या एका निबंधात शेजारप्रेमाचा सारा अर्थ एका साध्या विचारणेत आणून ठेवला आहे: समोरच्याला त्याचे दुःख काय आहे, हे विचारता येणे. डोळ्यांवर फोकस धरणारा कॅमेरा आणि डोळ्यांचा रंग विसरायला सांगणारा तत्त्वज्ञ यांच्यात भांडण नाही, कारण दोघे दोन वेगळ्या कामांविषयी बोलत आहेत. पहिले काम झाले म्हणजे दुसरे आपोआप झाले, असा समज मात्र आपण करून घेऊ नये.

बारकाव्याचे प्रेम

येथे कोणी विचारील, मग सूक्ष्मता व्यर्थच का? तसे मुळीच नाही. आपल्या डोक्यावरील केससुद्धा पित्याने मोजलेले आहेत, असे प्रभूने शिष्यांना धीर देताना सांगितले. म्हणजे बारकावा हा प्रेमाचा शत्रू नाही. आई तान्ह्या बाळाच्या अंगावरचा प्रत्येक तीळ ओळखते. फरक पडतो तो मोजण्याच्या हेतूने. पिता केस मोजतो तो एकही हरवू नये म्हणून.

यंत्राची सूक्ष्मताही अशा हेतूने राबविता येते. अ‍ॅम्स्टरडॅम येथील राइक्स संग्रहालयात रेम्ब्राँ यांचे १६४२ सालचे 'नाइट वॉच' हे प्रचंड चित्र आहे. २०२२ साली संग्रहालयाने त्याची जी प्रतिमा प्रसिद्ध केली, तीत ७१,७०० कोटी बिंदू आहेत. हॅसलब्लाड कंपनीच्या दहा कोटी बिंदूंच्या कॅमेऱ्याने चित्राचे लहान लहान तुकडे टिपून, अशी ८,४३९ छायाचित्रे एकत्र जोडून ती तयार झाली. मूळ चित्राचा पाच सहस्रांश मिलिमीटर म्हणजे प्रतिमेतला एक बिंदू! हा खटाटोप मिरविण्यासाठी केलेला नाही. रंगाला कोठे तडा जात आहे, काळ या चित्रावर कसा काम करीत आहे हे ओळखून त्याची जपणूक करता यावी, यासाठी तो केला. येथे स्पष्टपणा सेवेला जुंपलेला आहे. दुखणे शोधणाऱ्या वैद्याच्या नजरेसारखी ही नजर आहे. त्याच कॅमेऱ्याने कोणी शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावले, किंवा अपघातात सापडलेल्याची वेदना चवीने टिपली, तर बिंदू तेवढेच राहतील आणि पाप मात्र घडेल.

साक्ष कोणाची?

आणखी एका कारणाने हा विचार आज तातडीचा झाला आहे. २०२३ सालच्या मार्च महिन्यात पोप फ्रान्सिस यांचे पांढऱ्या, फुगीर, झोकदार कोटातले एक चित्र जगभर फिरले. असंख्य लोकांनी ते खरे मानले. ते कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले होते, कोणत्याही कॅमेऱ्यापुढे तो प्रसंग कधीच घडला नव्हता. २०२४ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या आपल्या संदेशात, अशा बनावट प्रतिमांचा विषय आपणही झालो आहोत, असा उल्लेख पोप फ्रान्सिस यांनी स्वतः केला. एके काळी धूसर चित्र संशयास्पद वाटे आणि स्पष्ट चित्र विश्वासार्ह वाटे. आता स्पष्टपणाच विकत मिळतो, त्यामुळे त्याची साक्ष पुरेशी राहिलेली नाही.

यावर कॅमेरे बनविणाऱ्यांनी उपाय शोधला. ऑक्टोबर २०२३ मध्ये लायका कंपनीने आणलेला 'एम ११ पी' हा कॅमेरा प्रत्येक चित्रावर एक अदृश्य सही करू शकतो. हे चित्र याच कॅमेऱ्याने घेतले, आणि नंतर त्यात काही बदल झाला असल्यास तो कोणता, हे त्या सहीवरून पडताळता येते. उपाय चांगला आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. पण त्यातही एक सूचक गोष्ट आहे. जगातली अत्यंत प्रगत यंत्रे अखेरीस साक्षीदाराकडेच वळली. चित्र कितीही सूक्ष्म असो, कोणीतरी पुढे येऊन 'होय, हे मी पाहिले' असे म्हणावे लागते. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा कॅमेऱ्याला दिलेली नाही, ती तुम्हांआम्हांला दिलेली आहे. जी सही यंत्र करते ती चित्र बदलले की नाही एवढेच सांगेल. ते चित्र घेणे न्यायाचे होते काय, ते पुढे पाठविणे प्रेमाचे होते काय, हे ती सांगणार नाही.

तेव्हा आमच्या वाचक कुटुंबांना आमची विनंती अगदी साधी आहे. चांगला कॅमेरा घेण्याची ऐपत असेल तर जरूर घ्यावा आणि मुलांना तो उत्तम वापरायला शिकवावा. त्याबरोबर तीन सवयीही शिकवाव्यात. अनोळखी माणसाचे चित्र घेण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी आणि नाव विचारावे. घरच्या प्रत्येक समारंभात, ज्यांचे हात कामात आहेत आणि जे कोपऱ्यात बसले आहेत, त्यांच्यापाशी जाऊन एक तरी चित्र घ्यावे, आणि ते घेऊन झाल्यावर कॅमेरा खाली ठेवून त्यांच्याजवळ थोडा वेळ बसावे. कोणाची अप्रतिष्ठा करणारे चित्र हाती आले तर ते आपल्यापाशीच थांबवावे.

आणखी एक काम मात्र लांबणीवर टाकू नये. आपल्या घरोघरी पेटीत, कपाटात जुनी छायाचित्रे पडून आहेत. पिवळी पडलेली, कडा दुमडलेली. पुढच्या रांगेतील माणसे कोण हे घरातील सर्वांना ठाऊक असते. मागच्या रांगेतील चेहरे कोणाचे, हे आता एखाद्या आजोबांना किंवा आजीलाच सांगता येते, आणि त्यांच्या मागे ते सांगणारे कोणी उरणार नाही. येत्या एखाद्या रविवारी, मिस्साहून आल्यावर, त्यांच्या शेजारी ती चित्रे घेऊन बसावे. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारावे, हे कोण? आणि जे नाव ते सांगतील, ते चित्रामागे पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहून ठेवावे.